आमची वाटचाल : ९९७ गेलं म्हणजे ऑर्डर लागली असं नाही

आमचं काम ईडीआयचं, म्हणजे कंपन्यांमधल्या ऑर्डरी ठरलेल्या साच्याच्या फाइलींनी एका संगणकातून दुसऱ्यात पोचवायचं. ९९७ म्हणजे अशा फाइलीची पोच. सुरुवातीला आम्ही दोघंच. मी एसएपीची, म्हणजे ग्राहक ज्यात ऑर्डरी नोंदतो त्या ईआरपी सॉफ्टवेअरची बाजू बघायचो, भागीदार फाइल वाचून उलगडणाऱ्या ट्रान्सलेटरची आणि ती इंटरनेटवरून सुरक्षित पोचवणाऱ्या एएस२ची. नवी फाइल आली की मॅपिंगला (फाइलीतली कुठली माहिती एसएपीत कुठे जाणार ते ठरवायला) हात लावायच्या आधी तो ती साध्या एडिटरमध्ये उघडायचा आणि कर्सर १०६व्या अक्षरावर नेऊन थांबायचा. फाइलीचा पहिला भाग, आयएसए, ठरलेल्या लांबीचा; १०६वं अक्षर म्हणजे त्याचा शेवट दाखवणारा टर्मिनेटर. एक स्पेस कमी पडली तरी टर्मिनेटर भलत्याच जागी वाचला जातो आणि पुढची अख्खी फाइल वाया. आमच्याकडे नव्या माणसाला अजून पहिल्या दिवशी हेच करायला लावतो.

कामं मिळत गेली. मग तो आठवडा आला.

आमच्या सर्वांत मोठ्या ग्राहकाच्या खरेदीदाराने नवं गोदाम सुरू केलं. ८५०च्या, म्हणजे खरेदी ऑर्डरच्या फाइलीच्या, एन१ एसटी सेगमेंटमध्ये (माल कुठे पाठवायचा ते सांगणाऱ्या ओळीत) नवा कोड येऊ लागला आणि तो एसएपीच्या ईडीपार टेबलमध्ये, जिथे बाहेरचे कोड आतल्या कोडांशी जुळवतात, कुणी भरलाच नाही. ते काम ग्राहकाच्या मास्टर डेटा टीमचं, करारात तसं स्पष्ट होतं. ट्रान्सलेटरच्या दृष्टीने फाइल बिनचूक, त्याने ९९७ पाठवून दिलं. खरेदीदार निर्धास्त. इकडे एसएपीच्या डब्ल्यूई०२ स्क्रीनवर आयडॉकमागून आयडॉक (फाइलीतल्या ऑर्डरीचं एसएपीतलं रूप) ५१वर, म्हणजे ऑर्डर न लागता, अडकत गेले आणि चार दिवस तो स्क्रीन कुणी उघडला नाही.

खापर आमच्यावर फुटलं. बैठकीला गेलो तर एक स्पर्धक आधीच येऊन बसलेला. "यांचा कनेक्टर ऑर्डरी गिळतो," असं तो सगळ्यांदेखत म्हणाला. अडकलेल्या आयडॉकची यादी मी छापून नेली होती, कुणी हातात घेतली नाही. त्याच संध्याकाळी ईडीपारमध्ये एक ओळ भरली, बीडी८७मधून आयडॉक पुन्हा चालवले आणि सगळेच्या सगळे ५३ झाले, म्हणजे ऑर्डरी लागल्या. एकही ऑर्डर गिळली गेली नव्हती. तरी काम गेलं, पाठोपाठ आणखी दोन ग्राहक गेले. भागीदारानेही नोकरी धरली. त्याच्यावर माझा राग नाही, त्याला घर चालवायचं होतं. ते वाक्य मात्र आजही सलतं.

सुट्या भागांच्या वितरक असलेल्या एक मॅडम तेवढ्या थांबल्या. त्यांनी फोन करून एकच विचारलं, "आमच्या किती अडकल्यात ते मला रोज कळेल का?" त्यातून आमचा ताळ्याचा तक्ता जन्मला : गेलेल्या ९९७चा कंट्रोल नंबर, त्यापुढे आयडॉक नंबर, त्यापुढे सेल्स ऑर्डर नंबर. तिसरा रकाना अर्धा तास रिकामा राहिला की आमच्याकडे फोन वाजतो. पुढची सगळी वर्षं या तक्त्यावर उभी आहेत.

या धंद्यात असाल तर ऐका. ९९७ फक्त फाइलची रचना बरोबर आहे एवढंच सांगतं. ८५५, म्हणजे ऑर्डरीला दिलेलं उत्तर, ट्रान्सलेटरमधून परस्पर सोडू नका, ऑर्डर लागल्यावर ईआरपीतूनच निघू द्या. नगाचा आणि खोक्याचा कोड मॅपिंगमध्ये कधीही गृहीत धरू नका. एएस२च्या सर्टिफिकेटची मुदत भिंतीवर लिहून ठेवा.

मॅडमची कंपनी पुढे एसएपीच्या नव्या पिढीच्या एस/४ हानावर गेली. बदलाच्या रात्री तिसरा रकाना भरताना बघायला त्या स्वतः आमच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या होत्या.