चोखणी द्यावी का नको?

आज हे गंजगोलाईच्या बाजारातून येताना लेकरासाठी चोखणी (तोंडात चोखायला देतात ते रबरी बोंड, पॅसिफायर) घेऊन आले. लातूरचा उकाडा, त्यात लाइट गेलेली, लेकरू काही केल्या गप बसेना. आत्याबाई लगेच म्हणाल्या, "मधात बुडवून दे, गुमान झोपतंय." मी नाहीच म्हणाले. वर्षाच्या आत मध द्यायचाच नसतो, बोट्युलिझमची, म्हणजे जंतूंच्या विषानं होणाऱ्या गंभीर आजाराची भीती असते. दोरीनं गळ्यात अडकवायचं तर नावच नको, फास बसू शकतो.

तशी चोखणी काही विष नव्हे. झोपताना दिली तर बाळाच्या अचानक मृत्यूचा धोका कमी होतो, असं अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. पण अंगावरचं दूध नीट ओढायला लागेपर्यंत, साधारण पहिले ३-४ आठवडे, थांबायचं.

माझी खरी अडचण वेगळीच आहे. लेकरू भुकेनं रडतंय का गरमीनं, हेच मला अजून ओळखू येईना. तोंडात रबर कोंबलं तर भूक कळायची कशी? (ह्यांना वाटतं, आवाज बंद म्हणजे प्रश्न मिटला.)

सध्या पाकीट कपाटात. महिना भरला की उकळून, फक्त झोपवताना देऊन बघीन. नाही घेतली तर जबरदस्ती नाही. तुमच्या लेकरांची सवय कशी सुटली, तेवढं सांगा बायांनो.