हस्तिदंत नव्हे, सेल्युलॉइड: व्हिएन्नाच्या सिद्दूरची तिसरी नोंद

मंडळी, मागच्या नोंदीत ‘हस्तिदंती’ सिद्दूर (ज्यूंचं प्रार्थनापुस्तक) मिळाला म्हणून कॉलर ताठ केली होती. ती आता खाली. हे सेल्युलॉइड आहे.

संशय आला तो वासावरून. वरचा पुठ्ठा अंगठ्याने पाचसात वेळा जोरात घासला, नाकाशी नेला, तर आरतीच्या तबकाचा वास! सेल्युलॉइडमध्ये कापूर असतोच. मग भिंग घेतलं. खऱ्या दातात रेषा कुठे दाट, कुठे विरळ असतात, हलक्या वळतात; इथे सगळ्या पट्टीने आखल्यासारख्या. विकणाऱ्याने फसवलं की त्यालाच ठाऊक नव्हतं, देव जाणे. पैसे मात्र दाताचे मोजले.

तापलेली सुई टोचून परीक्षा करायच्या भानगडीत कुणी पडू नका. जुन्या सिनेमाची रिळं ज्या नायट्रोसेल्युलोजमुळे भडकायची, तेच हे.

तरी राग फार टिकला नाही. इटलीत सतराव्या-अठराव्या शतकात लग्नात द्यायच्या प्रार्थनापुस्तकांना चांदीची बांधणी करत, दोन्ही घराण्यांची चिन्हं कोरून. ते आपल्या खिशाला झेपणारं नाही. व्हिएन्ना-बुडापेस्टच्या श्लेझिंगरसारख्या प्रकाशकांची प्रार्थनापुस्तकं मध्यमवर्गीय घरांत पोचली. कुणाला मखमल, कुणाला चामडं, कुणाला हे खोटं हस्तिदंत. माझी प्रत जेमतेम तळहाताएवढी, कडा सोनेरी, मधोमध पितळी दशाज्ञांच्या (देवाने मोशेला दिलेल्या दहा आज्ञांच्या) पाट्या, डाव्या बाजूला खटका. हिब्रू उजवीकडून उघडतं, म्हणून पाठ उजवीकडे आणि खटका डावीकडे. पहिल्या दिवशी मी ते उलटंच धरून बसलो होतो.

साल मुखपृष्ठाआतल्या पानावर हिब्रू अक्षरांत आहे, प्रत्येक अक्षराला एक आकडा: ताव, रेश, सामेख, दालेत. म्हणजे ४०० + २०० + ६० + ४ = ६६४. ज्यू सालातले पाच हजार गाळलेले असतात, तेव्हा इसवी सनासाठी १२४० मिळवायचे: १९०४. (ज्यू वर्ष शरदात सुरू होतं, म्हणून १९०३ची अखेरही असू शकते.) हा हिशेब ठाण्याच्या एका बेने इस्राएल (मराठी ज्यू) काकांनी शिकवला. पान उलटून म्हणाले, “आमचा पाठ सेफार्दी, हा अश्केनाझी. पण शेमा तोच रे.” (सेफार्दी नि अश्केनाझी या ज्यूंच्या दोन प्रार्थनापरंपरा; शेमा ही दोघांची मुख्य प्रार्थना.) मग १८७४च्या पुण्याच्या मराठी हगादाचा (वल्हांडण सणाच्या रात्री वाचायच्या पुस्तकाचा) विषय निघाला, तिच्यातल्या चित्रांचा, आणि चहा दोनदा झाला.

आता माझी चूक. पावसाळा म्हणून मी पुस्तक सिलिका जेलसकट हवाबंद पिशवीत कोंबलं. सेल्युलॉइड कुजताना आम्लाची वाफ सोडतं; ती बाहेर न जाता आतच फिरली. महिन्याभरात खटक्याच्या बिजागरीवर हिरवी बुरशीवजा पावडर, आणि पुठ्ठ्याला टेकलेलं अस्तर पिवळं पडून कडेला कुरकुरीत. म्हणजे ज्या वेष्टणासाठी पुस्तक घेतलं तेच आतली पानं खात होतं.

या महिन्यात एवढंच केलं: हिरवी पावडर कोरड्या मऊ ब्रशने झाडली, पुठ्ठा आणि अस्तर यांच्यामध्ये आम्लविरहित कागद सरकवला (दर दोन महिन्यांनी बदलणार), सुटलेली दोन पानं जपानी टिश्यू आणि गव्हाच्या पातळ खळीने जोडली. जुजबंदी (पानांची शिवण) शाबूत आहे, तिला हात लावला नाही. पुठ्ठ्याच्या कोपऱ्यातली चीर भरायचा मोह आवरला. अ‍ॅसिटोनवाला गोंद सेल्युलॉइड विरघळवतो. आता ते हवेशीर पुठ्ठ्याच्या डब्यात, कपाटाच्या थंड खणात, बाकीच्या पुस्तकांपासून लांब.

कडेचे जे तुकडे गळले ते फेकले नाहीत. काका म्हणाले, देवाचं नाव असलेला कागद पुरतात, कचऱ्यात टाकत नाहीत. लिफाफ्यात जमवलेत, पुढच्या खेपेला ठाण्याला जाईन तेव्हा त्यांच्या हाती देईन.

खटका अजून बसत नाही. जोर लावणार नाही. मलमलीची फीत बांधून ठेवलंय.