एप्रिलमधलं बियास कुंड: तासाभरावरून मागे फिरलो, त्याची हकिगत

मनालीच्या वरच्या डोंगरातलं बियास कुंड हे तळं बघायला फोंड्याहून आम्ही पाच जण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात निघालो. मडगावहून गोवा संपर्क क्रांतीने चंदीगड, तिथून रात्रीच्या बसने मनाली. सत्तरी तालुक्यातले डोंगर आमच्या पायाखालचे आहेत, पण गोव्यातलं सर्वांत उंच शिखर सोंसोगड बाराशे मीटरही भरत नाही आणि मनालीचा बाजारच दोन हजारांवर आहे. दोन दिवस मनालीत राहून मगच वर जा.

कुंडाच्या वाटेवरच्या धुंडीपर्यंत जीप मिळाली. तिथून बकरथाचच्या वाटेवर सगळीकडे बर्फ होता. वाटाड्या म्हणाला, "आगे नाले में ग्लेशियर आता है, रुकना नहीं." आम्हाला वाटलं हिमनदी दिसणार, एकाने मोबाइल बाहेर काढला. तिकडचे लोक हिमस्खलनालाच ग्लेशियर म्हणतात. हा शब्द ऐकलात की पाय उचला. पुढे जुन्या स्खलनाचा ढिगारा आडवा आला: मळकट, मोडक्या फांद्या अडकलेला. काठी आपटली तर दगडावर आपटल्यासारखी उडाली. ओला बर्फ घसरून थांबला की सिमेंटासारखा आवळतो. आत सापडलेल्याला हातसुद्धा हलवता येत नाही.

सह्याद्रीत आपण नाळेने, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीने चढतो, कारण ती वाट जवळची असते. बर्फात ही सवय सोडावी लागते. नाळ म्हणजे बर्फ खाली येण्याचा रस्ता, आणि तंबूसुद्धा तिच्या तोंडाशी लावायचा नाही. बहुतेक स्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतात. असा उतार ओलांडायचाच असेल तर एकेकट्याने, सॅकचा कमरपट्टा सोडून, काठीच्या दोरीतून मनगट काढून. बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून जाणाऱ्यावर नजर ठेवायची.

वसंतातला खरा प्रश्न वेळेचा आहे. रात्री आभाळ निरभ्र असेल तर दिवसभर वितळलेला बर्फ पुन्हा गोठतो आणि पहाटे कडक होतो. ढग असले की पांघरूण घातल्यासारखी ऊब आत राहते, बर्फ मऊच राहतो. आम्ही पहाटे तीनला निघायचं ठरवलं होतं. उठलो तेव्हा आभाळ भरलेलं होतं आणि तंबूबाहेर ठेवलेल्या बाटलीतलं पाणी गोठलं नव्हतं. खरं तर तिथेच बेत रद्द करायला हवा होता. तरी निघालो. सुरुवातीला घोट्यापर्यंत रुतत होतं. साडेसातला ढग फाटले आणि पूर्वेकडे तोंड असलेल्या उतारावर ऊन आलं. अर्ध्या तासात तिथून बर्फाचे गोळे सुटू लागले. आधी लिंबाएवढे, मग शहाळ्याएवढे, प्रत्येकामागे एक चरा. तोवर आमचे पाय गुडघ्यापर्यंत जात होते. वाटाड्या थांबला, एवढंच म्हणाला, "वापस." कुंड तासाभरावर होतं. आमच्यातला एक जण फार नाराज झाला. रजा, खर्च, एवढा लांबचा प्रवास. त्याचं दुःख मला समजत होतं, पण तिथे मतदान घ्यायचं नसतं. 2023 मध्ये 4 एप्रिलला सिक्कीममध्ये नाथू ला रस्त्यावर स्खलनात सात पर्यटक गेले, तेही भरदिवसा. ती माणसं ट्रेकलाही निघाली नव्हती.

एक तक्रार लिहायलाच हवी. ज्यांच्याकडे नोंदणी केली त्यांनी वाटाड्या धरून सहा जणांत तीनच बीकन (बर्फाखाली गाडलेल्याचा माग देणारं रेडिओ-यंत्र) दिले. पैसे भरण्याआधीच विचारा: प्रत्येकाला बीकन, प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि फावडं मिळणार का? आदल्या दुपारी आम्ही एक बीकन पिशवीत घालून फूटभर खोल पुरला आणि शोधायला लागलो. पहिल्या खेपेला अकरा मिनिटं लागली. गाडल्या गेलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते. तिसऱ्या खेपेला चार मिनिटांवर आलो. सरावाविना ते यंत्र गळ्यात घालून काही उपयोग नाही.

निघण्याआधी डीजीआरई या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा रोज बघा. ताजा बर्फ पडला असेल तर पुढचे एकदोन दिवस खालीच काढा. एप्रिलमध्येही पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून बर्फ-पाऊस घेऊन येणारी वादळं, येतात. परतीच्या तिकिटात दोन दिवस मोकळे ठेवा, नाहीतर गाडी चुकेल या भीतीने माणूस नको तिथे पाऊल टाकतो.

आणि फक्त कुंडच बघायचं असेल तर जूनमध्ये जा. आम्ही पुढच्या वर्षी तेव्हाच जाणार आहोत.