रेग्युलेटर बदलून बर्फ जात नाही

मातीची भांडी भाजायची माझी भट्टी प्रोपेनवर चालते. भट्टी बसवणं, बर्नर जुळवणं, पाइप टाकणं हे सगळं बिनबोभाट पार पडलं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. गाडी अडली ती सिलिंडर पुरवणाऱ्यांच्या तक्रार काउंटरवर, आणि तो राग अजून पुरता उतरलेला नाही.

व्हायचं असं. भट्टी सुरुवातीला झरझर तापायची, आठशे अंशांच्या आसपास आली की रेंगाळायची. जाळ बारीक व्हायचा, मध्येच पिवळा होऊन भसकन भडकायचा, पुन्हा मान टाकायचा. रेग्युलेटरकडे बघावं तर पांढराफटक. नखाने खरवडला तर भुगा नाही, टणक बर्फच. सिलिंडरच्या पोटावरही एका रेषेपर्यंत पांढरा थर. ती रेष म्हणजे आतल्या द्रवाची पातळी, हे मला मागाहून समजलं.

तक्रारीच्या अर्जात प्रकार तीनच: गळती, रेग्युलेटर सदोष, वजन कमी. बर्फाला रकानाच नाही. काउंटरवरच्या माणसाने माझं बोलणं अर्धवट ऐकून ‘रेग्युलेटर सदोष’वर खूण केली आणि नवा रेग्युलेटर हातात ठेवला. तोही पहिल्याच भाजणीत पांढरा. परत गेले, परत तीच खूण, परत नवा रेग्युलेटर. "थंडीमुळे होतं हो," असंही एकदा सांगून झालं. भर उन्हाळ्यात होतंय म्हटल्यावर सल्ला मिळाला, "मग सिलिंडरला गोणपाट गुंडाळा."

तो सल्ला मी पाळला नाही ते बरंच झालं. सिलिंडरमध्ये प्रोपेन द्रवरूपात असतो, आणि उघड्यावर तो उणे ४२ अंशांना उकळतो. आपण वरून वायू ओढतो, तेव्हा ती जागा भरायला आतला द्रव उकळतो आणि उकळायला लागणारी उष्णता स्वतःतून आणि पत्र्यातून खेचतो. सुई टोचण्याआधी दंडावर स्पिरिट चोळल्यावर गार लागतं, त्यातलाच हा प्रकार. किलोभर द्रवाची वाफ व्हायला साधारण ३५० किलोज्यूल लागतात. माझे बर्नर तासाला दोनेक किलो गॅस खातात. म्हणजे २०० वॅटचा हीटर अखंड चालू ठेवावा तितकी उष्णता त्या सिलिंडरला बाहेरच्या हवेतून मिळायला हवी. ती वेळेवर पोचली नाही की द्रव गार पडतो, पत्रा शून्याखाली जातो आणि हवेतलं बाष्प त्यावर गोठतं. गोणपाट हवेची तीच ऊब अडवणार. सिलिंडरभोवती वारा खेळता हवा, पांघरूण नको.

द्रव गार पडला की दाबही पडतो. २० अंशांना सिलिंडरमधला दाब हवेच्या दाबापेक्षा सातेक बार जास्त असतो (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका), उणे २० ला तो दीड बारच्या आत येतो. भट्टी रेंगाळायची ती यामुळे. सिलिंडर निम्मा रिकामा झाला की त्रास वाढतो, कारण द्रवाला टेकलेला पत्रा कमी उरतो.

रेग्युलेटरची गोष्ट थोडी निराळी. तिथे सात बारचा वायू अरुंद छिद्रातून एकदम कमी दाबात येतो आणि फाकताना गार होतो. त्यामुळे जोरात गॅस ओढत असताना, दमट हवेत, रेग्युलेटरवर दव किंवा पातळ हिम दिसलं तर तो बिघडलेला नसतो, आपलं कामच करत असतो. नवा लावला तरी तोही तेच करणार.

मग मी एकाऐवजी दोन सिलिंडर जोडले, दोन्हींचे व्हॉल्व्ह एकदमच उघडे. ओढ वाटली गेली, पोटावरचा पांढरा थर नाहीसा झाला, भट्टी आठशेच्या पुढे सरकली. रेग्युलेटरवरचा जाड बर्फ आणि ते भसकन भडकणं मात्र तसंच. पोट कोरडं आणि रेग्युलेटर बर्फाचा, याचा अर्थ वायूबरोबर द्रवही वर येत होता. द्रव रेग्युलेटरमध्ये शिरला की तिथेच उकळून सुमारे २७० पट फुगतो. बर्फ जाड होतो, ज्योत थुंकल्यासारखी उडते. हे धोक्याचं. व्हॉल्व्ह बंद करायचा आणि त्या सिलिंडरवर काम थांबवायचं.

सिलिंडर आडवा किंवा कलता असेल तर असं होतं. माझे दोन्ही ताठ उभे होते. दुसरं कारण म्हणजे जास्त भरणा. सिलिंडर ८० टक्क्यांच्या वर भरायचा नसतो. द्रव प्रोपेन १५ अंशांवरून ४० वर गेला की आठ-नऊ टक्के फुगतो, त्याला जागा लागते. जागा उरली नाही आणि गॅस जोरात ओढला, तर उकळता द्रव थेट व्हॉल्व्हमध्ये उसळतो. मी दुसऱ्या दिवशी भरून आलेला नवा सिलिंडर काट्यावर ठेवला, कड्यावर कोरलेलं रिकामं वजन वजा केलं. हिशेब सोपा आहे: सिलिंडरमध्ये जितके लिटर पाणी मावतं (तोही आकडा कोरलेला असतो) त्याच्या साधारण ०.४२ पट किलो प्रोपेन. १०० लिटरला ४२ किलो. माझ्या सिलिंडरमध्ये त्याहून बराच जास्त होता.

कागदावर आकडे मांडून काउंटरवर गेले. उत्तर आलं, "मग उलट तुमचा फायदाच झाला की, जास्त गॅस मिळाला!" आणि अर्जात ‘वजन कमी’ला रकाना आहे, ‘वजन जास्त’ला नाही, म्हणून तक्रार घेता येत नाही. मी म्हटलं, शेरा लिहा. शेऱ्याला जागा नाही. मग अर्जाच्या पाठीमागे लिहा. "मागचं कुणी वाचत नाही, मॅडम." हे मात्र अगदी प्रांजळपणे सांगितलं त्यांनी. शेवटी मी काउंटर सोडून थेट भरणा विभागातल्या तंत्रज्ञाला गाठलं. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "बर्फ कुठून सुरू होतो? पोटावरून की रेग्युलेटरवरून?" इतक्या दिवसांत हे कुणीच विचारलं नव्हतं. उत्तर ऐकल्यावर त्याने आपल्या काट्यावर वजन केलं, मान हलवली आणि सिलिंडर बदलून दिला. जादा गॅस स्वतः व्हॉल्व्ह उघडून हवेत सोडायचा नाही, हेही त्याने बजावलं. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड, जमिनीलगत साचून राहतो.

त्याच्याकडूनच कळलेल्या आणखी गोष्टी. रेग्युलेटर सिलिंडरच्या तोंडापेक्षा उंचावर बसवावा आणि मधली नळी सिलिंडरकडे उतरती ठेवावी, म्हणजे नळीत द्रव जमलाच तर मागे ओघळतो. रेग्युलेटरला श्वास घ्यायचं एक बारीक भोक असतं, त्याचं तोंड खाली हवं. पाणी शिरून ते गोठलं तर डायफ्रॅम, म्हणजे दाब सांभाळणारा आतला पडदा, हलत नाही आणि दाब भलताच होतो. बर्फ काढायला उकळतं पाणी किंवा ज्योत चुकूनही नाही. व्हॉल्व्ह बंद करून वाट बघायची.

आणि गॅस अचानक पूर्ण थांबत असेल, थोडा वेळ बंद ठेवल्यावर पुन्हा येत असेल, तर गॅसमध्ये पाण्याचा अंश आहे. तो आतल्या छिद्रात गोठतो. बाहेरून बर्फ दिसेलच असं नाही. त्यावर सिलिंडरमध्ये मेथनॉल, म्हणजे पाणी गोठू न देणारं एक अल्कोहोल, घालतात, पण ते पुरवठादाराचं काम.

तक्रार द्यायची वेळ आलीच तर बर्फ नेमका कुठे, भट्टी पेटवल्यावर किती वेळाने, सिलिंडर भरलेला की निम्मा, आणि काट्यावरचं वजन एवढंच लिहा. ‘रेग्युलेटर’ हा शब्द लिहूच नका, नाहीतर तुमच्याही हातात नवा रेग्युलेटर येईल.