एलिफंट इअर म्हणजे अळू नव्हे

न्यू जर्सीतल्या माझ्या पहिल्या उन्हाळ्यात एका नर्सरीत अळू दिसलं आणि मला अगदी माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. सुपाएवढी पानं, लेबलवर ‘एलिफंट इअर’. घरी आणलं, हौसेने वाढवलं आणि ऋषिपंचमीला त्यातली दोन पानं ऋषीच्या भाजीत घातली. पहिल्याच घासाला नवऱ्याच्या जिभेत टाचण्या टोचल्या. माझा घसा रात्रभर खवखवत होता. पातेलंभर भाजी कचऱ्यात गेली.

मग शोधाशोध केली. इथे ‘एलिफंट इअर’ हे एका झाडाचं नाव नाहीच. मोठं, बदामी आकाराचं पान दिसलं की तेच लेबल लागतं. कोलोकेशिया म्हणजे आपलं अळू. बाकी अलोकेशिया, झॅन्थोसोमा, रंगीबेरंगी कॅलेडियम ही त्याची चुलत भावंडं. कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया सगळ्यांतच असतात, आपल्या अळवातही. म्हणून तर आई भाजी भरपूर शिजवायची आणि चिंचेशिवाय अळवाला हात लावायची नाही. मी तर चिंचही घातली होती हो!

माझं झाड निघालं अलोकेशिया. पान चकचकीत, टोक आभाळाकडे. अळवाचं पान टोक खाली सोडून लोंबतं आणि हाताला मखमली लागतं. त्यावर चमचाभर पाणी टाकलं की पाऱ्यासारखे गोळे होऊन घरंगळतात. ‘अळवावरचं पाणी’ शाळेत पाच मार्कांसाठी पाठ केलं होतं, ते असं कामाला आलं. त्याहून चांगली खूण देठाची. अळवाचा देठ पानाच्या दोन कानांमधल्या खाचेत जुळत नाही. खाच सोडून थोडा आत, पानाच्या पाठीला चिकटतो. झॅन्थोसोमाचा थेट खाचेत जुळतो, शिवाय पानाच्या कडेकडेने एक शीर धावते, धोतराच्या काठासारखी. पण काही अलोकेशियांचा देठही जरा आत लागतो, तेव्हा एकाच खुणेवर विसंबून कढई चढवू नका.

आता मी नर्सरीतून खायचं काही आणतच नाही. इंडियन ग्रोसरीतून अरवी आणायची, म्हणजे आपल्या अळकुड्या. कोंब फुटू पाहणाऱ्या निवडायच्या आणि मार्चमध्ये घरातच कुंडीत दोन-तीन इंच खोल लावायच्या. मे महिन्याच्या मध्यावर, थंडीची भीती गेली की बाहेर. गावी अळू मोरीच्या पाण्यावर आपोआप माजायचं, कुणी लावलं होतं असं आठवतच नाही. इथे मोरी कुठली? मी भोक नसलेल्या बादलीत माती भरली आणि तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी रोज ओतते. चिखल आवडणारं झाड आहे, बादलीत खूश असतं. अधूनमधून शेणखताची पिशवी, की पानं ताटाएवढी.

मात्र माझ्या या अरवीचे देठ हिरवे. फदफदं उत्तम होतं, पण वडीला मजा नाही. वडीचं, काळ्या देठाचं अळू मंडळातल्या एका काकूंकडून मिळालं. त्यांना ते दुसऱ्या काकूंनी दिलं होतं. हे अळू दुकानात नाही, गणपतीच्या आरतीनंतर प्लास्टिकच्या पिशवीतून फिरतं.

ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा दव गोठलं की एका रात्रीत पानं काळी, शिजवलेल्या पालकासारखी. त्याच्या आदल्या दिवशी शेवटच्या वड्या उकडून फ्रीझरमध्ये टाकायच्या. मग गड्डे उकरून, माती झटकून, सुकवून, वर्तमानपत्रात गुंडाळून बेसमेंटमध्ये. गेल्या वर्षी नवऱ्याने ते सडके बटाटे समजून फेकले आणि मला पुन्हा काकूंच्या दारात जावं लागलं. यंदा खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: ‘काळ्या देठाचं अळू. बटाटे नाहीत.’