तुम्ही विचारलंत म्हणून: मुलाबरोबर मीही व्हिडिओ गेम का खेळते?

ग्वाल्हेरात नाताळच्या सुमारास शाळांना थंडीची सुट्टी लागली की ओळखीच्या लोकांकडून एक प्रश्न हमखास येतो. मुलाला व्हिडिओ गेमपासून दूर ठेवायचे सोडून तुम्ही घरातली मोठी माणसेच त्याच्या जोडीला कशी बसता? विचारणाऱ्यांत शेजारच्या काकू असतात, तशी पुण्याची माझी नणंदही असते.

इथली थंडी दक्षिणेकडच्या माणसाला सांगून कळत नाही. डिसेंबरअखेर कित्येकदा सकाळ उलटली तरी धुके विरत नाही, आणि शीतलहर लांबली तर कलेक्टरांच्या आदेशाने लहान वर्गांची सुट्टीही लांबते. दुपारी गच्चीवर उन्हात बसता येते, एखादी संध्याकाळ १९०५ साली तेव्हाचे महाराज माधवराव शिंदे यांनी सुरू केलेल्या इथल्या व्यापार मेळ्यात जाते. बाकीचा सगळा वेळ मूल घरात, आणि स्क्रीनही घरातच. तिच्यावर काय चालावे आणि कोणाच्या सोबतीने, एवढेच आपल्या हातात उरते.

मोबाइलवरच्या बहुतेक फुकट खेळांना शेवट नसतो. एक पायरी संपते न संपते तोच पुढची उघडते, मध्येच काहीतरी विकत घ्या म्हणून गळ घातली जाते, आणि पांघरुणात शिरून बसलेले मूल कोणाशी काय खेळते आहे, याचा घराला पत्ता नसतो. आमच्याकडे निन्टेन्डो स्विच हा व्हिडिओ गेम खेळायचा कन्सोल हॉलमधल्या टीव्हीला जोडलेला आहे आणि त्यावर मुख्यतः मारिओ कार्ट ८ डिलक्स हा २०१७ सालचा शर्यतीचा खेळ चालतो. शर्यत बहुधा तीन फेऱ्यांची, काही मिनिटांत संपणारी. त्यामुळे ‘ही शर्यत झाली की जेवायला’ या वाक्याला अर्थ राहतो. चालू डाव मोडून मुलाला उठवावे लागत नाही, आणि निम्मी भांडणे तिथेच टळतात.

या खेळात पडद्याचे चार भाग होऊन चौघे एकत्र खेळू शकतात. आमच्या घरी तिसरा भाग सासूबाईंचा. त्यांच्यासाठी ‘स्मार्ट स्टिअरिंग’ चालू ठेवतो. गाडी रस्ता सोडू लागली की खेळच ती आत वळवतो, आणि तशा गाडीच्या मागे एक छोटी अँटेना दिसते. थोडक्यात, आजी लिंबूटिंबू. मात्र आडवाटेचे काही जवळचे रस्ते अशा गाडीला बंद असतात, हे नातवाने त्यांना फार लवकर सांगून टाकले. शिवाय पुढे असणाऱ्याच्या हाती सहसा नाणे किंवा केळ्याची साल येते, तर फार मागे पडलेल्याला सगळ्यांना चिमुकले करून टाकणारी वीज मिळू शकते. सासूबाईंना ती मिळाली की त्या आधी ‘आता बघा’ म्हणतात आणि मग बटण शोधतात. तेवढ्या वेळात नातू हातातली वस्तू घाईघाईने वापरून टाकतो, कारण वीज पडली की ती हातातून निसटते. नऊ वर्षांचा मुलगा आणि सत्तरी ओलांडलेली आजी खरोखर चुरशीने खेळतील, असे घरात बसून खेळायचे किती खेळ आहेत? पत्ते आहेत, कॅरम आहे. तेही आम्ही खेळतो. पण कॅरममध्ये आजी आमच्या कोणालाही हरवतात, त्यामुळे चुरस राहत नाही.

ओव्हरकुक्ड हा दुसरा आवडता खेळ. सगळ्यांनी मिळून वेळेत चिरायचे, शिजवायचे, वाढायचे आणि ताटे विसळायची; भांडे आचेवर विसरले तर आग लागते. ताटे विसळायला कोणीच जात नाही, ही मौज मला पडद्यावर बघायला विशेष आवडते.

नणंदेची खरी भीती व्यसनाची आहे आणि ती निराधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत गेमिंगच्या विकाराची नोंद आहे. मात्र त्यात तासांचा आकडा दिलेला नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ होणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे, या गोष्टी साधारण वर्षभर दिसाव्या लागतात. शेजारी बसून खेळणाऱ्या आईला यातले पहिले लक्षण दाराआडून घड्याळ बघणाऱ्या आईपेक्षा आधी दिसेल, असे मला वाटते.

शाळा उघडली की स्विच फक्त शनिवारी-रविवारी लागतो. त्यावर मुलाची तक्रार असते, आणि आता सासूबाईंचीही.