वाटीभर म्हणजे किती ग्रॅम?

भाची जर्मनीत असते. गेल्या गणपतीत तिचा व्हिडिओ कॉल आला, मावशी, उकडीच्या मोदकांचं प्रमाण सांग ना. मी म्हटलं, अगं त्यात काय सांगायचंय, जेवढी पिठी तेवढंच पाणी. ती बरं म्हणाली आणि मी निवांत.

दोन तासांनी फोटो. मोदक कसले, उन्हाळ्यातलं शेत! पाऱ्या जागोजागी भेगाळलेल्या, सारण बाहेर. मी तांदळाला नावं ठेवली, पिठी जाडी असेल म्हटलं, उकड नीट मळली नसशील असंही म्हटलं (मावशीच ती). मग कळलं की तिनं काट्यावर 500 ग्रॅम पिठी मोजली आणि 500 मिली पाणी घेतलं. तिकडे सगळं ग्रॅममध्येच मोजतात, तिच्याकडे वाटीच नाही. म्हणजे तिनं माझं अक्षरशः ऐकलं होतं, चूक माझीच.

मग मीही काटा काढला. माझी रोजची स्टीलची वाटी, पाणी बसतं 180 मिली, म्हणजे 180 ग्रॅमच. तीच वाटी पिठीनं सपाट भरली तर 110! पीठ हलकं, मधे हवा. म्हणजे वाटीला वाटी घेतली की वजनाला पाणी पिठीच्या दीडपटीहून जास्त पडतं आणि हे इतकी वर्षं मोदक करून मला माहीतच नव्हतं. तिच्या 500 ग्रॅमला साधारण 820 मिली लागलं असतं, तिनं घातलं 500, भेगा पडणारच. शिवाय पिठीची वाटी ओट्यावर दोनदा आपटली आणि वर आणखी भरली की त्याच 110 चे 130 होतात, म्हणजे कोण कसं भरतं त्यावरही आलं.

मग नादच लागला. त्याच वाटीत साखर 150, रवा सव्वाशेच्या आसपास, चाळलेलं बेसन जेमतेम 75. म्हणजे वाटीच्या हिशोबातल्या लाडवाचं "बेसनाच्या निम्मी साखर" कोणी ग्रॅममध्ये धरलं तर लाडू अगोडच. नवरा म्हणाला, आता मला पण मोजून घे एकदा.

आजीकडे तर काटाच नव्हता. चिपटं, मापटं, शेर, पायली, सगळी मापंच. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. त्यात शेर दोन, एक मापी, एक वजनी, आणि तिचा कधी घोटाळा झाला नाही. 1956 च्या कायद्यानंतर किलो-ग्रॅम आले, तरी भाजीवाल्याला आपण अजून पावशेर मिरच्या मागतोच की. इंटरनेटवरच्या कपाचंही तसंच, अमेरिकन कप 240 मिलीच्या आत-बाहेर, दुसरीकडे 250. एका पदार्थात एकच कप वापरला तर काही बिघडत नाही, वाटीचं हेच तर सुख आहे, वाटी कुठलीही घ्या, फक्त मधेच बदलू नका.

भाचीला सगळं ग्रॅममध्ये लिहून पाठवलं. पिठी 500, पाणी 820, तूप 10, मीठ चिमूटभर.

लगेच मेसेज, "मावशी, चिमूट किती ग्रॅम?"

मी काट्यावर चिमूटभर मीठ ठेवलं. आकडा शून्यच.